टाक खालून काळे होते

पितृपक्ष लागला की ठाण्यातल्या आमच्या जांभळी नाक्याच्या गल्लीत चांदीचं नवं घेणारं गिऱ्हाईक कमी होतं आणि माझ्या टेबलावरची गर्दी वाढते. घटस्थापनेच्या आत देव उजळून हवे असतात. समया, निरांजनं, पळी-पंचपात्र, करंडे, टाक. मी वडिलांच्या हाताखाली हे काम शिकले, मध्ये बांदोडकर कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि परत याच टेबलावर येऊन बसले. या दोन्ही शिक्षणांची एकाच कामात एवढी गरज पडावी, असं माझ्याकडे क्वचित होतं.

त्या दुपारी कोपरीहून सासू-सून आल्या. सासूबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि उघडून माझ्यासमोर ठेवला. आत कुलदैवतांचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या लहान प्रतिमा: घोड्यावरचा खंडोबा, अष्टभुजा भवानी, जोतिबा, आणि घराण्यातल्या कुणा वीराचा एक. मूळ घर वाईकडचं, टाक आजेसासऱ्यांच्या आधीपासूनचे. चारही काळेठिक्कर.

"मागे दोनदा दुसरीकडून उजळून आणले," सासूबाई म्हणाल्या. "महिनाभर राहत नाहीत. पुन्हा असेच."

मी म्हटलं, "ठेवा काकू, बघते."

त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगा. आमच्या वन्सं म्हणतात, घरात शिवाशिव पाळली जात नाही म्हणून देव काळवंडले. माझे गुडघे गेल्यापासून पूजा हीच करते. ते चार दिवससुद्धा कधी कधी हिचाच हात लागतो."

सून बाजूला उभी होती. तिने काही म्हटलं नाही. नजर काउंटरच्या काचेवर होती, आणि हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती हे सरळ दिसत होतं. मला राग आला. पण रागाने बोलले असते तर ते माझं मत झालं असतं आणि वन्संच्या मतासमोर ते टिकलं नसतं. मी डोळ्याला भिंग लावलं आणि खंडोबाचा टाक उचलला.

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. हवेतल्या प्राणवायूशी तिचं फारसं देणंघेणं नसतं. तिला भोवतं ते गंधक. हवेत गंधकाची वाफ अगदी जराशी असली तरी चांदी तिला धरते आणि वरच्या पापुद्र्याचं सिल्व्हर सल्फाइड होतं. हा पापुद्रा एकदम काळा होत नाही. अगदी पातळ असताना तो गव्हाळ पिवळा दिसतो, जाडी वाढली की तपकिरी, मग जांभळट-निळा आणि शेवटी काळा. म्हणजे रंग पाहून थर कुठे पातळ आणि कुठे जाड आहे ते कळतं, आणि त्यावरून गंधक कोणत्या बाजूने आलं तेही.

लांबून काळाठिक्कर दिसणारा तो टाक भिंगाखाली तसा नव्हता. खंडोबाच्या पगडीपाशी पिवळसर, छातीपाशी तपकिरी, घोड्याच्या पोटाशी निळसर आणि खालची कड कोळशासारखी. उलटा केला. पाठीमागच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत काळं, तळाशी सगळ्यात दाट. भवानीचा टाक तसाच. जोतिबाचा तसाच. वीराचाही तसाच.

हाताचा डाग असा पडत नाही. घामाने चांदी डागळते हे खरं, पण तो डाग बोटाच्या आकाराचा असतो, आणि बोटं टाकाला दोन्ही कडांना धरतात. पुरुषाचा हात असो की बाईचा, महिन्यातला कुठलाही दिवस असो. इथे बोटाची एक खूण नव्हती. चारही टाकांना एकाच बाजूने, खालून, काहीतरी लागत होतं.

मी विचारलं, "घरात चांदीचं आणखी काय आहे?"

"माझा करंडा आहे," सून पहिल्यांदा बोलली. "कपाटात असतो. हळदीकुंकवालाच काढते."

"तो काळा पडलाय?"

"नाही. थोडा पिवळट झालाय."

हे विचारणं गरजेचं होतं, कारण कोपरी खाडीला लागून आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की जो कुबट वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू असतो, आणि खाडीकाठच्या घरांतली चांदी लवकर मळते हे मी नेहमी बघते. पण दोष खाडीचा असता तर त्याच घरातला करंडाही काळवंडला असता. कपाट बंद असतं हे धरलं, तरी खाडीच्या हवेने डाग असा नुसता खालून चढला नसता.

"देव्हाऱ्यात टाकांखाली काय अंथरलंय?"

"मखमल. लाल."

"आणि मखमलीखाली?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंना आठवेना. मग तिने नवऱ्याला फोन लावला. तो त्या दिवशी घरून काम करत होता. त्याने मखमल उचलून फोटो पाठवला. खाली संगमरवराची पायरी आणि तिच्यावर मापात कापलेली काळी रबराची चटई.

चटई त्यानेच आणली होती. संगमरवरावरून टाक घसरायचे, एकदा भवानी खाली पडली होती, म्हणून गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याने ती घातली. चांगल्या मनाने केलेलं काम. पण रबर कडक आणि टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालून ते तापवतात, आणि त्यातलं थोडं गंधक पुढे हळूहळू बाहेर पडत राहतं. चांदीला नुसतं रबरबँड गुंडाळून ठेवलं तरी काळा पट्टा उमटतो. इथे तर टाक चोवीस तास चटईवर उभे, मध्ये फक्त एक कापड, सकाळ-संध्याकाळ निरांजनाची ऊब आणि रात्री देव्हाऱ्याची दारं बंद.

"काळे कधीपासून पडायला लागले?" मी विचारलं.

सुनेने मनात हिशोब केला आणि म्हणाली, "दिवाळीनंतर." सासूबाईंनी मान हलवली.

मी एक लहान काचेची बाटली घेतली. झाकणापासून चांदीची स्वच्छ घासलेली तार आत लोंबकळत सोडली, आणि सुनेला म्हटलं की त्या चटईचा नखाएवढा तुकडा उद्या कुणाबरोबर तरी पाठवा. ही युक्ती माझी नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली ही परीक्षा प्रसिद्ध केली. वस्तुसंग्रहालयात कपाटासाठी लाकूड, कापड, रंग वापरायच्या आधी त्याचा नमुना चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांबरोबर थोड्या ओलाव्यात बंद करतात, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि कोणती पट्टी बिघडते ते पाहतात. माझ्याकडे तशी भट्टी नाही. बल्बशेजारची फळी आहे, ती दिवसभर कोमट असते.

आता टाक उजळायचे होते. सासूबाईंना वाटत होतं मी ते मोटारीवर धरणार. बफच्या चाकाला लाल पावडर लावून दोन मिनिटं धरलं की आरशासारखं होतं, आणि बहुतेक लोकांना तेच हवं असतं. मी टाक मोटारीवर घेत नाही. त्या काळ्या थराच्या वजनात शंभरातले ८७ भाग चांदीच असते. तो थर घासून काढणं म्हणजे चांदीच घासून टाकणं, आणि बफ काळ्यापाशी थांबत नाही, उठावाचे नाकडोळे आधी नेतो. बफखालची धूळ झारेकरी, म्हणजे धुळीतून सोनं-चांदी वेगळं काढणारे, पैसे देऊन नेतात ते उगाच नाही. या भवानीचा चेहरा तर आधीच निम्मा गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या राखेने, चिंचेने आणि अलीकडे टूथपेस्टने घासून. गेलेलं मला परत आणता येणार नव्हतं. उरलेलं राखता येणार होतं.

झटपट पांढरं करणारं द्रावणही बाजारात मिळतं. त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतो. ज्या देवांवर अभिषेक करून तीर्थ प्यायचं, त्यांना मी ते लावत नाही. या बाबतीत मी गिऱ्हाईक सोडलेलं आहे.

आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात टाक भिजवले. तेल, तूप, पंचामृत, कुंकू आणि खंडोबाचा भंडारा यांचं वर्षानुवर्षांचं कीट खाचांत दगडासारखं बसलं होतं. बांबूची काडी चिरून टोक मऊ केलं आणि भिंगाखाली खाच अन् खाच मोकळी करत गेले. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि मला हेच काम सगळ्यात आवडतं. घोड्याच्या पुढच्या पायाखालून पिवळा गोळा निघाला आणि त्याच्या जागी एक कान दिसला. मग तोंड. मग वळलेली शेपटी.

"काकू, या इकडे," मी म्हटलं. "कुत्रा आहे."

खंडोबाच्या टाकावर घोड्याखाली कुत्रा असतोच. पण लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी त्या जागी भंडाऱ्याचा थरच पाहिला होता. सुनेलाही मी भिंग दिलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, जीभसुद्धा काढलीये त्याने."

मग काचेच्या भांड्यात तळाला अॅल्युमिनियमची फॉइल, वर टाक फॉइलला टेकतील असे, खाण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी. टाक आतून पोकळ आहेत, लाख भरलेली नाही, हे आधी तपासलं होतं. लाखेची किंवा खड्यांची वस्तू असती तर हे केलं नसतं, लाख उष्णतेने मऊ पडते. फॉइलशी स्पर्श झाल्याबरोबर गंधक चांदीला सोडून देतं आणि चांदी जागच्या जागी चांदी होते. काहीही घासावं लागत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तेव्हा सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मी म्हटलं, "हेच ते. देवांना लागलेलं गंधक बाहेर पडतंय." त्या भांड्यात वाकून पाहत राहिल्या. टाकांची काळी कड निळी झाली, मग तपकिरी, मग पिवळी, मग पांढरी. चढलं होतं तसंच उलटं उतरलं.

या पद्धतीने चकाकी येत नाही, जरा मंद पांढरेपणा येतो. त्यावर पाण्यात कालवलेली खडूची वस्त्रगाळ पूड बोटाने हलकेच फिरवली, तीही फक्त उंच भागावर. खाचांत थोडी काळी छाया मुद्दाम राहू दिली, तिच्यामुळेच चेहरा उठून दिसतो.

रोजची पूजा झाल्यावर टाक जुन्या धुतलेल्या सुती कापडाने पुसून कोरडे करा, चटई काढून टाका, घसरू नये म्हणून लाकडी पाट करून घ्या, आणि काळसर वाटले तर टूथपेस्ट न लावता माझ्याकडे या, एवढं सांगितलं. टाक त्या संध्याकाळीच दिले. देव माझ्याकडे रात्रभर ठेवून घ्यायला मला नको वाटतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघी बाटली बघायला आल्या. तुकड्याशेजारची तार तपकिरी-निळी झाली होती, टोकाला काळी. तुलनेसाठी मी दुसऱ्या बाटलीत नुसती तार ठेवली होती, ती पांढरीच होती. दोन्ही बाटल्यांना मीच हात लावला होता, आणि त्या आठवड्यात माझे ते चार दिवसही येऊन गेले होते. तेही मी सासूबाईंना सांगितलं.

त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. बऱ्याच वेळाने सुनेच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "पिशवीत नीट ठेव, फुटायला नकोत. उद्या वन्सं यायच्या आहेत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "यांचे किती द्यायचे?"