टेफचे काड आणि आपले तणस

नागपुरात पशुवैद्यक शिकलेला मी इथिओपियातील शेतकऱ्यांपुढे उभा राहिलो, तेव्हा युरिया प्रक्रिया, म्हणजे वाळले काड युरियाने मुरवून गुरांसाठी अधिक पौष्टिक करणे, हा माझा हुकमी विषय होता: १०० किलो तणसावर (भाताच्या वाळल्या काडावर) ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून हवाबंद झाकायचे आणि २१ दिवसांनी, अमोनियाचा उग्र वास उडाल्यावरच जनावरांपुढे टाकायचे. सहा महिन्यांखालील वासरांना ते मुळीच देऊ नये, हे मी दुभाष्याकडून तीनदा वदवून घेतले. सोबतच्या विद्यार्थ्यांनी सारे टिपले. एका वयस्क शेतकऱ्याने मात्र विचारले, की टेफचे (इथल्या मुख्य, बारीक दाण्याच्या धान्याचे) काड आम्ही भिंतीच्या गिलाव्यातही घालतो, मग गुरांसाठी उरणार किती? भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही आधी गावच्या चाऱ्याचा हिशेब मांडला.