केरसुणी, खराटा आणि आतली कडी

मी डीटीपीवाला. म्हणजे लोक लिहितात, मी टाइप करतो, पानं लावतो, सोळा-सोळा पानांचे फॉर्मे पाडून छापखान्यात पाठवतो आणि पुस्तक छापून आलं की पहिली चूक मलाच दिसते, ती पण बहुतेक वेळा कव्हरवर. अठरा वर्षं झाली, अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात हेच चाललंय. पोरांसमोर बसून गोष्ट वाचून दाखवणं हे आपलं काम नाही, घरी पोराला पण कधी दाखवली नाही (त्याची आई दाखवायची). पण आमच्या प्रकाशक मॅडमची एक सवय आहे, मुलांचं पुस्तक छापायला जायच्या आधी त्याची पहिली दोन-तीन प्रकरणं खऱ्या मुलांना वाचून दाखवायची आणि ती कुठे चुळबुळ करतात ते बघायचं. त्या शनिवारी नेमका त्यांचा घसा बसला. मला म्हणाल्या, म्हणजे कुजबुजल्याच, "तूच जा, तू टाइप केलंयस, तुला पाठ असेल."

पाठ होतं हे खरं. लेखक म्हणजे एक रिटायर्ड भूगोलाचे सर, वय चौऱ्याहत्तर, अक्षर मोत्यासारखं, सगळं फुलस्केपवर हातानं लिहिलेलं. गोष्ट अशी की सदाशिव पेठेतल्या पडायला आलेल्या वाड्यात एक दहा वर्षांची मुलगी राहते, तिचा चेंडू वाड्यामागच्या बंद हौदापाशी जातो, हौदावर दगडी झाकण, झाकणाला लोखंडी कडी, ती कडी काढते, आत उतरते आणि थेट पुण्याच्या पोटातल्या चेटकिणींच्या गावात पोचते.

आता हौदातून खाली जायला वाट कुठून आली असं वाटेल, तर तेवढं सरांनी खरं घेतलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला तळं बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं, मधे पेठांमधले हौद भरत भरत. पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर. नळ तरी काय, कित्येक ठिकाणी माणूस उभा चालत जाईल एवढा उंच, आणि हवेसाठी मधे मधे बांधलेले उच्छ्वास. सर भूगोलाचे, त्यामुळे दीड पान नुसतं पाण्याच्या उतारावरच होतं. मला टाइप करताना जाम कंटाळा आलेला, पण उच्छ्वास हा शब्द भारी आहे, शहर खालून श्वास घेतंय असं वाटतं. गावाला त्यांनी नाव दिलेलं जखिणवाडी. मी फोन करून सांगितलं की सर या नावाचं खरं गाव आहे कराडजवळ, तिथली लेणी पण आहेत, उगाच गावकरी यायचे आपल्याकडे. मग ते उच्छ्वासपूर झालं.

तर शनिवार, मे महिना, दुपारी चार. पर्वतीच्या पायथ्याकडे एका सोसायटीच्या पार्किंगमधल्या खोलीत चालणारं बालवाचनालय, दोन कपाटं, एक सतरंजी, एक पंखा जो फिरतो कमी आणि बोलतो जास्त. वीस-बावीस पोरं, आठ ते बारा वयाची, बहुतेक बिल्डिंगमधलीच. चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, घाबरू नका, आमची मुलं गोड आहेत." त्या क्षणी मला कळायला पाहिजे होतं.

पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर सरांच्या चेटकिणी मंडईच्या बरोबर खाली राहतात असं आलं, तर एक चष्मेवाला उभाच राहिला. "काका, मंडईखाली तर मेट्रो स्टेशन आहे." मी म्हटलं असेल. "असेल काय, आहे, मी गेलोय, डिस्ट्रिक्ट कोर्टवरून बसलो, मग कसबा, मग मंडई, मग स्वारगेट, सगळं जमिनीखालून." हा जमिनीखालचा तुकडा २०२४ च्या सप्टेंबरात चालू झाला आणि सरांनी गोष्ट लिहिलेली त्याच्या कितीतरी आधी, त्यांच्या डोक्यात मंडईखाली नुसती माती. दुसरा एक जण म्हणाला की स्वारगेटला मेट्रोचं खोदताना जुनं भुयार सापडलं होतं, बाबांनी सांगितलंय. हे पण खरंच, २०१९ ची गोष्ट, पेपरात फोटो आले होते. मग सतरंजीवर दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे ते चेटकिणींचंच भुयार होतं, दुसरी म्हणे मग त्या आता कुठे गेल्या, मेट्रोवाल्यांनी त्यांना फ्लॅट दिला का. पुण्यातली पोरं, रिडेव्हलपमेंटशिवाय विचारच करू शकत नाहीत.

मी कसंतरी पुढे ढकललं. पाचव्या पानावर मुख्य चेटकीण केरसुणीवर बसून येते. इथे दोन वेण्यांवाली एक मुलगी, वय नऊ असेल, एकदम ताठ बसली. "केरसुणीवर बसते?" हो. "पाय टाकून?" मी पानाकडे बघितलं, सरांनी स्पष्ट लिहिलेलं, एका बाजूला एक पाय, दुसऱ्या बाजूला दुसरा. "पण ती लक्ष्मी असते! आम्ही लक्ष्मीपूजनाला नवीन आणतो, हळदीकुंकू लावतो, पाय लागला तर नमस्कार करायचा असतो."

मी अठरा वर्षांत देशी-विदेशी चिक्कार चेटकिणी टाइप केल्यात, सगळ्या झाडूवर बसून उडतात, आणि माझ्या घरी पण दिवाळीला केरसुणीची पूजा होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या. मी गप्प. ताई गप्प. मग मागून कोणीतरी तोडगा काढला, "खराट्यावर बसव ना काका, खराट्याला कोण नमस्कार करतंय." मतदान झालं, सगळ्यांचे हात वर. एवढ्यात दाराकडून आवाज आला, "खराट्यावर बसली तर टोचंल की तिला," आणि सगळे खोखो हसले. वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या, हातात फडकं, नारळाच्या हिरांचा खराटा भिंतीला टेकवलेला, तज्ज्ञांचं मत म्हणून मी ते पेन्सिलीनं मार्जिनमध्ये लिहून घेतलं. सरांनी नंतर ठेवलं ते, पुस्तकात चेटकीण खराट्यावर गोधडीची घडी टाकून बसते.

खरी अडचण त्याच्या पुढे आली. चष्मेवाल्यानंच विचारलं, पण या वेळी भांडायला नाही, "काका, त्यांना एवढी जादू येते, उडता येतं, मग त्या लपून का राहतात?" मी पान उलटून बघितलं. सरांनी अकराव्या पानावर एका वाक्यात उरकलं होतं, जादूच्या जगाचा तो नियमच असतो. मी ते वाचलं. पोरांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी वरणात मीठ घालायला विसरलोय. कोणी केलाय नियम? मोडला तर काय होतं? वर येऊन आइस्क्रीम खाल्लं तर? मी वाचक म्हणून कच्चा, पण एवढं मला कळलं की इथे गोष्टीला भोक आहे आणि ते टाइप करताना मला दिसलं नव्हतं.

"मारतात म्हणून."

आवाज दारापासूनच आला. मावशींची मुलगी उंबऱ्याला पाठ टेकून बसलेली, सतरंजीवर नाही, बाहेरही नाही, अशी. दहा-अकराची. मी म्हटलं कोण मारतं. ती एकदम साधं बोलली, बसचा नंबर सांगावा तसं. तिचं गाव नंदुरबारकडे, सातपुड्यात, आईवडील पुण्यात बांधकामावर आले तेव्हा ती लहान होती. म्हणाली, "आमच्याकडे डाकीण म्हणतात. ती काय खरी नसते. कोणाचं पोरगं आजारी पडलं, बैल मेला, की मग एखाद्या बाईचं नाव घेतात. माझ्या आजीच्या बहिणीचं घेतलेलं. ती रात्रीच निघून गेली. कुठे राहते ते कोणाला सांगत नाहीत." आणि मग माझ्याकडे बघून, "सांगितलं तर लपली कशी?"

पंख्याचा तेवढा आवाज. मावशी फडकं घेऊन आत आल्या आणि तिला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, मला वाटलं रागावल्या, पण नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवून परत गेल्या. दोन वेण्यांवालीनं विचारलं, मग पोलिसांना का नाही सांगितलं. ताईंनी तेव्हा छान केलं, भाषण नाही दिलं, एवढंच सांगितलं की आता कायदा आहे, कोणाला भुताळी किंवा करणी करणारी ठरवून छळलं तर गुन्हा होतो, आणि हा कायदा व्हावा म्हणून जे डॉक्टर वर्षानुवर्षं झगडत होते त्यांना आपल्याच पुण्यात गोळ्या घातल्या. पोरांना नाव माहीत नव्हतं. मला होतं. २० ऑगस्ट २०१३, दाभोलकर, ओंकारेश्वराजवळचा पूल. माझ्या ऑफिसातून चालत जाण्यासारखा आहे तो, त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा पुलावरून यायला निघालो आणि पोलिसांनी गाडी वळवायला लावली, तेव्हा वाटलं ॲक्सिडेंट असेल. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. मी त्या वर्षी पण राक्षस आणि पऱ्या टाइप करत होतो.

मी म्हटलं, आज इथेच थांबू. पोरं म्हणाली नाही, पुढे वाचा. मावशींची मुलगी म्हणाली, "आधी ते दार." कुठलं दार? "हौदाचं. कडी बाहेरून आहे ना? मग लपल्या कुठे, कोणीपण उघडेल. बाहेरून कडी तर कोंडलेल्याला लावतात. कडी आतून पाहिजे."

तीन लोकांनी वाचलेलं होतं हे, सरांनी, मॅडमनी आणि मी, शिवाय चित्रकारानं त्या कडीचं पानभर चित्र काढलेलं, गंज-बिंज दाखवून.

संध्याकाळी सरांना फोन केला. केरसुणीवर आधी चिडले, म्हणे जगात सगळीकडे चेटकीण झाडूवरच बसते. मग मी उरलेलं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "अकराव्या पानावरचं ते नियमाचं वाक्य उडवा." मी म्हटलं सर, ते उडवणं सोपं आहे, पण कडी आतून केली तर तुमची मुलगी खाली जाणार कशी? "हां," सर म्हणाले, "आता आतल्या कोणीतरी उघडायला पाहिजे," आणि फोन ठेवला. पंधरा दिवस गायब.

त्या पंधरा दिवसांत मी केरसुणीचा खराटा करत बसलो. लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर काय, एक शब्द शोधायचा, दुसरा टाकायचा. पण केरसुणी ती आणि खराटा तो. "तिची केरसुणी भिंतीला टेकली होती" याचं एका बटणात "तिची खराटा भिंतीला टेकली होती" झालं. त्रेसष्ट ठिकाणी हातानं दुरुस्त केलं, आणि तरी प्रूफात एक "उडती खराटा" राहिलीच. चेटकिणीचं वेगळंच दुखणं, चेटकीण लिहिताना की दीर्घ, चेटकिणीला लिहिताना कि ऱ्हस्व, सरांसारख्या माणसाचं पण दहा ठिकाणी चुकलेलं.

मग सरांचं नवं प्रकरण आलं. मुलगी झाकण वाजवते, तीनदा. खालून आवाज नाही. ती तिथेच बसून राहते, चेंडू नको म्हणते, नुसतं बसते, आणि खाली म्हाताऱ्या चेटकिणींची सभा भरलीये, उघडायचं की नाही. चार पानं नुसती ती सभा. एक म्हणते माणसाचं पोर आहे, उद्या दहा जणं घेऊन येईल, दुसरी म्हणते आपण पण कोणाची तरी पोरंच होतो. शेवटी सगळ्यांत म्हातारी उठते आणि कोणाला न विचारता कडी काढते. टाइप करताना मला पहिल्यांदाच कंटाळा आला नाही. फक्त चौसष्ट पानांचं पुस्तक अडुसष्टवर गेलं, म्हणजे चार फॉर्मे बरोबर बसलेले ते बिघडले, मॅडमनी मागची जाहिरातींची चार पानं काढायला लावली आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. चित्रकार तर अजून बोलत नाही, त्याला कडीचं चित्र आतल्या बाजूनं परत काढावं लागलं.

नवीन पानांचे प्रिंट स्टेपल करून मी स्वतः वाचनालयात नेऊन दिले, सर पण आले सोबत, इस्त्रीचा शर्ट घालून. मावशींची मुलगी या वेळी सतरंजीच्या कडेला बसली होती. तिनं आमच्यासमोरच वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. सर घाम पुसत बसले, भूगोलाच्या तपासणीला इन्स्पेक्टर आल्यासारखे. सभा वाचून झाल्यावर ती मागची पानं परत उलटून गेली आणि बोट ठेवलं.

"तीनदा वाजवल्यावर कोण उघडतंय," ती म्हणाली. "लई वेळा वाजवायला पाहिजे. रोज यायला पाहिजे."

सरांनी खिशातून पेन काढलं. मी मनातल्या मनात पानं मोजायला लागलो.