जयपूर फूट, डोळ्यांदेखत

आज काकांना घेऊन जयपूर फूटच्या (कृत्रिम पायाच्या) शिबिरात होतो. गुडघ्याखालच्या भागाचं प्लास्टरनं माप घेतलं, त्यावरून साचा ओतला. मग कारागीर कानस घेऊन बसला: हाड टोचेल तिथं प्लास्टर चढवायचं, भार पेलवेल तिथं उतरवायचं. खरी कला इथंच! बाकी मग एचडीपीई या टणक प्लास्टिकचा पाइप (हो, पाण्याचा असतो तसाच) भट्टीत मऊ करून साच्यावर ओढला, खाली रबराचं पाऊल.

१९६८ च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे पाऊल घडवलं, अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी म्हणून. परदेशी पायाला बूट लागायचा. आपल्याकडे चिखलात, देवळात काय करणार?

काकांनी लगेच उकिडवं बसून पाहिलं. म्हणाले, "डावीकडे जरा घासतंय." पुन्हा कानस निघाली.