कुमटगी : विजापूरच्या सुलतानांचं उन्हाळी घर

आमच्या अथणी भागातून विजापूरला जाणारा माणूस गोलघुमट, इब्राहिम रोजा आणि मुलुखमैदान तोफ एवढं उरकून संध्याकाळी परत फिरतो. पाहुणे आले की आम्हीही तेच करतो. यंदा मात्र मामांनी हट्टच धरला की घुमटात ओरडायला पुन्हा यायचं नाही, सुलतान उन्हाळ्यात जिथं राहायला जायचे ते दाखवा. म्हणून कुमटगी.

वाटेत आधी तोरवी लागतं. तेलसंग, तिकोटा करत गेलं की विजापूरच्या अलीकडे, अथणी रस्त्यावरच. इब्राहिम आदिलशहा दुसरा याने १५९९ मध्ये इथं नवरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं. गाण्याचं वेड असलेला हा राजा. स्वतःच्या दखनी पदांत सरस्वती-गणपतीला वंदन करणारा. १६०३-०४ मध्ये मोगलांचा वकील असदबेग त्याच्या दरबारी आला, तेव्हा सुलतान फारसीपेक्षा मराठीत सहज बोलतो हे त्याने लिहून ठेवलंय. आम्ही सीमाभागातली माणसं, त्यामुळे ही गोष्ट मामांनी दिवसभरात भेटेल त्याला सांगितली!

शहर पुरं व्हायच्या आतच संपलं. १६२४ मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ते लुटून उद्ध्वस्त केलं. हा तोच अंबर, ज्याच्या बाजूने त्याच वर्षी शहाजीराजे भातवडीला लढले. आता उरलाय तो संगीत महाल. समोर प्रचंड कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना अरुंद कमानी. विजापुरातला गगन महाल पाहिलेला असेल तर लगेच ओळखू येईल. विजापूर शहराला पाणी नेणारा भुयारी मार्गही तोरवीहूनच निघायचा. इथं अर्धा तास पुरे.

खरा वेळ ठेवायचा तो कुमटगीला. विजापूर ओलांडून पूर्वेला, सिंदगी रस्त्यावर अठरा-वीस किलोमीटर. आजूबाजूला सपाट काळं रान, ज्वारी, तूर, अधूनमधून बाभळी. इथं राजाला विश्रांतीला यावंसं का वाटलं असेल, हा प्रश्न पडतोच. उत्तर शेजारच्या तलावात आहे. विजापूरचा उन्हाळा आम्हाला नवा नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा मुलखात पाण्याच्या काठी राहणं ही सर्वांत मोठी चैन.

आणि ती चैन त्यांनी चोख केली होती. चौकोनी हौदाच्या मधोमध दुमजली मंडप उभा आहे. पाणी आधी उंच मनोऱ्यात चढवायचं, मग उंचीच्या दाबावर ते नळांतून खेळवायचं, अशी ही व्यवस्था. विजापूर शहरातही दाब सांभाळायला असेच मनोरे आहेत, तिथं त्यांना गंज म्हणतात. कुमटगीत हे पाणी थेट मंडपाच्या छतापर्यंत जाई आणि तिथल्या भोकांमधून खाली बसलेल्यांवर तुषार पडत. म्हणजे शॉवरच की! भिंतींच्या आत नळांच्या खुणा शोधत फिरा, मान वर करून छत बघा. पोरांना सोबत न्या. पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं हे ती मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात.

भित्तिचित्रांबद्दल ऐकून जाणाऱ्यांनी अपेक्षा जरा आवरून जावं. घोड्यावरून चौगान (पोलोसारखा खेळ) खेळणारे, कुस्ती करणारे पैलवान, शिकार, परदेशी वेशातली माणसं, असं बरंच काही इथं रंगवलेलं होतं. आज पुष्कळसं पुसट झालंय, आणि उरलेल्यावर लोकांनी आपली नावं कोरून ठेवलीत. राजे गेले, राज्य १६८६ मध्ये औरंगजेबाने घेतलं, पण भिंतीचं जास्त नुकसान या बदाम काढणाऱ्यांनी केलं असं माझं मत आहे. डोळे अंधाराला सरावू द्या, मग आकृती हळूहळू दिसू लागतात. फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका.

जायचं तर पावसाळा सरल्यावर. तलावात पाणी असेल तरच या जागेचा अर्थ लागतो. उन्हाळ्यात हौद कोरडा बघून लोक हिरमुसतात. सकाळी लवकर पोहोचा. पाणी आणि खाऊ विजापुरातूनच घ्या, जवळ हॉटेल मिळेल या भरवशावर राहू नका. स्वतःची गाडी असेल तर उत्तम. बसने जाणार असाल तर विजापूरच्या स्टँडवर सिंदगीकडच्या गाड्या कुठं लागतात ते विचारा आणि कंडक्टरला कुमटगीला उतरवायला आधीच सांगा, कारण जलद गाडी थांबेलच असं नाही. पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर ‘कुमटगी बस एल्लि?’ एवढं विचारलं तरी चालतं, आणि विजापुरात मराठी समजणारं कुणी ना कुणी भेटतंच.

जेवण परतताना शहरातल्या एखाद्या खानावळीत घ्या. कडक ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही. मात्र अथणीकडची शेवटची गाडी किती वाजता आहे ते पान वाढण्याआधीच विचारून घ्या, कारण खानावळीतला वाढपी तुम्हाला लवकर उठू देत नाही.