गच्ची कोणाची?

आमच्या सोसायटीच्या पाटीवर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या.' असं लिहिलंय. इंदिरानगरमधली सहा मजली बिल्डिंग, 24 फ्लॅट. मी तिची खजिनदार, म्हणजे मेंटेनन्ससाठी दारोदार बेल वाजवणारी बाई. त्या 'सहकारी' शब्दाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला तेव्हा गेलं.

लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल दर महिन्याला डोळ्यांत पाणी आणायचं. केंद्र सरकारच्या सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. आम्हाला 10 किलोवॅट पुरणार होतं. घरटी 23,000 काढायचे, अनुदान आलं की त्यातले 7,500 परत. हिशोब एका पानात बसला. सभा मात्र तीन लागल्या.

सहाव्या मजल्याचं म्हणणं, भोकं पाडणार तुम्ही आणि गळणार आमच्या बेडरूममध्ये. तळमजल्यावरचे म्हणाले, मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी का द्यायचे? एका आजींनी विचारलं, सगळं ऊन पॅनललाच दिलं तर कुरडया कुठे घालायच्या? त्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यामुळे हा प्रश्न मी सगळ्यात गांभीर्याने घेतला.

खरी अडचण पाचव्या मजल्यावरच्या काकांची होती. ते मूळचे श्रीरामपूरचे. तिकडे कित्येक वर्षं वीज मुळा-प्रवरा या सहकारी संस्थेची असायची. 2011 मध्ये ते काम महावितरणकडे गेलं. "संस्था काढणं सोपं असतं गं," काका म्हणाले. "मार्चअखेरीला हिशोब कोण देणार?" मी त्यांना गुजरातमधल्या ढुंडी गावाचं सांगितलं. तिथे सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली, शेताला पाणी देऊन उरलेली वीज ते वीज कंपनीला विकायला लागले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सहाच होते ना? इथे चोवीस आहेत."

शेवटी तोड निघाली ती अशी: रोजचं रीडिंग काका स्वतः वहीत लिहिणार.

पॅनल उंच लोखंडी सांगाड्यावर घेतली, खालून माणूस ताठ चालतो. खर्च थोडा वाढला. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी कुठवर येते ते मी आणि वॉचमनने खडूने आखून घेतलं, कारण एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटते. एवढं करून नेट मीटर, म्हणजे बाहेरून घेतलेली आणि आपण बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, यायला दोन महिने लागले. तोवर 20 पॅनल वर नुसती ऊन खात बसलेली.

सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी लाईट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. माणसं बाहेर निघाली ती थेट माझ्या दारात. एवढे पैसे घातले, वर ऊन रणरणतंय आणि लिफ्ट बंद? आमची सिस्टीम बॅटरीशिवायची. बाहेरची लाईन गेली की पॅनलची वीज वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर आपणहून थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आमच्या गच्चीवरून झटका बसेल. हे मला आधीच सांगायला हवं होतं. पैसे मागायच्या नादात राहून गेलं.

आता चांगल्या उन्हाच्या दिवशी 40 युनिटच्या आसपास पडतात. पावसाळ्यात आकडा घसरला की काका मला जिन्यात थांबवून वही दाखवतात, जणू ढग मी आणले. सहाव्या मजल्यावरचे हल्ली गप्प आहेत. पॅनलच्या सावलीमुळे त्यांचा स्लॅब तापत नाही. धूळ बसली की रविवारी सकाळी दोन घरांनी मिळून पाइपने पॅनल धुवायची, अशी पाळी लावली आहे. तळमजल्यावरच्यांची पाळी आली की ते वर लिफ्टने येतात.

गच्चीची दक्षिणेकडची बाजू पॅनलची, पूर्वेचा कोपरा कुरडयांचा. मागच्या एप्रिलमध्ये सासूबाईंनी सांगाड्याच्या दोन खांबांना दोरी बांधून त्यावर ओल्या साड्या टाकल्या होत्या. काकांनी वहीत नोंद केली आहे.