खांबावरचे हात

व्हेनिसमध्ये तिसरा दिवस काढायचा नाही, हे मी दुसऱ्या दिवशी दुपारीच जाहीर केलं. पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत पूल चढायचा आणि उतरायचा, एवढंच करायचं असेल तर दादरचा पूल काय वाईट आहे? तिथे निदान खाली वडापाव तरी मिळतो.

नणंदेची मुलगी बोलोन्याला शिकते. फोनवर म्हणाली, "मामी, इकडे ये, आपण रावेन्नाला जाऊ. तिथे कोणी फिरकत नाही."

"काय आहे तिथे?"

"मोझॅक."

हे ऐकून नवरा म्हणाला, "गिरगावातल्या आपल्या जुन्या खोलीत मोझॅकच्या लाद्या होत्या. त्या उखडून फेकल्या आणि आता मोझॅक बघायला तिकीट काढायचं!" तरी आला. मोझॅकपेक्षा व्हेनिसमधल्या कॉफीच्या बिलाची त्याला जास्त धास्ती होती.

रोम आणि फ्लॉरेन्सबद्दल काही लिहीत नाही. चाललो, रांगेत उभे राहिलो, पाय दुखले.

बोलोन्याहून सव्वा तासाच्या आसपास गाडीचा प्रवास. दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि फळबागा, बघण्यासारखं काहीच नाही, म्हणून भाचीनं इतिहास सांगायला घेतला. ४०२ साली होनोरियस बादशहानं पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून रावेन्नाला हलवली. कारण सरळ होतं: भोवती दलदल, शत्रूचं सैन्य आत शिरणं अवघड, आणि शेजारी बंदर, म्हणजे वेळ आलीच तर पळायची सोय. "पुढे गॉथ नावाच्या जर्मन टोळ्या आल्या, त्यांचा राजा थिओडोरिक आला, मग कॉन्स्टँटिनोपलवाले, म्हणजे पूर्वेकडचे रोमन आले. प्रत्येकानं भिंतींवर रंगीत काचेचे-दगडाचे बारके तुकडे जडवून चित्रं केली," एवढं सांगून ती झोपली.

पहिलाच मुक्काम गाला प्लासिदियाच्या समाधीचा, आणि इथेच माझं बिनसलं. होनोरियसची ही बहीण. ४१० साली गॉथांनी रोम लुटलं तेव्हा तिला पळवून नेलं, पुढे त्यांच्याच राजाशी तिचं लग्न झालं, परत आल्यावर मुलाच्या नावानं तिनं साम्राज्य चालवलं. ४५० साली ती रोममध्ये वारली, त्यामुळे या समाधीत ती बहुधा नाहीच. बाहेरून म्हणाल तर विटांची एक बसकी खोली, आपल्याकडच्या पंपहाऊससारखी. आत जायला तिकिटावर छापलेली ठरावीक वेळ आणि मुक्काम पाच मिनिटांचा. पाच! ज्या शहरात कोणी फिरकत नाही तिथे आमच्या पुढे शाळेच्या दोन सहली होत्या.

खिडक्यांना काच नाही, पातळ अलाबास्टर दगडाच्या चकत्या बसवल्या आहेत. त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो, पण बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिलं दीड मिनिट काहीच दिसत नाही. पुढचं एक मिनिट मी फोनचा कॅमेरा लावण्यात घालवलं, हे कबूल करते. मग वर बघितलं. गडद निळं छत, त्यावर सोन्याच्या चांदण्यांची वर्तुळं, मध्यभागी सोन्याचा क्रूस, आणि चार कोपऱ्यांत माणूस, सिंह, बैल, गरुड. चार शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांची ही चिन्हं. बाजूच्या कमानीत वेलबुट्टीतून वाट काढत पाण्याशी आलेली हरणं. स्तोत्रसंहितेतल्या बेचाळिसाव्या स्तोत्रात देवासाठी तहानलेल्या जिवाला हरणाची उपमा आहे, ती ही. कुंडाच्या काठावर पाणी पिणारी कबुतरं. आणि दारावर मेंढपाळ.

वसईच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी, देव्हाऱ्याच्या वर, खांद्यावर कोकरू घेतलेल्या येशूचं कॅलेंडर असायचं. लहानपणी मला तो आमच्या गावाकडच्या धनगरासारखा वाटायचा, फक्त गोरा. इथला मेंढपाळ तसा नाही. बिनदाढीचा, पोरसवदा, अंगात सोनेरी झगा, मांडीवर जांभळं वस्त्र, हातात काठीऐवजी सोन्याचा लांब क्रूस. मेंढरं राखायला निघालेला राजपुत्रच. भोवती सहा मेंढरं, सगळी त्याच्याकडे तोंड करून. एका मेंढराच्या हनुवटीला त्यानं हात लावलाय, तो हात मी बघतच होते तोवर पहाऱ्यावरच्या बाईंनी घड्याळ दाखवलं.

पंढरपूरला पायांवर डोकं टेकतंय न टेकतंय तोच मागून मान उचलली जाते, तेव्हा मी कधी तक्रार केलेली नाही. इथे मात्र चिडले. परत आत सोडा म्हणून हुज्जत घातली. बाई हसून "नो, सिन्योरा" म्हणाल्या आणि पुढची सहल आत सोडली. फोनमध्ये चार फोटो होते, चारही हललेले.

शेजारचं सान व्हिताले चर्च भव्य आहे, अष्टकोनी आहे, ५४७ सालचं आहे, आणि मी रागात असल्यामुळे मला ते निम्मंच आठवतंय. छताच्या मधोमध फुलाफळांच्या हारात चांदण्यांवर उभं असलेलं कोकरू लक्षात आहे. हा येशूच, बळी जाणारा, म्हणून कोकरू. आणि अर्थात कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन बादशहा आणि थिओडोरा राणी. हा प्रसादाच्या भाकरीचं पात्र घेऊन, ती द्राक्षरसाचा प्याला घेऊन, दोघांच्या डोक्यांमागे तेजोवलय. राणी मूळची सर्कशीत अस्वलं सांभाळणाऱ्याची मुलगी. दोघंही रावेन्नात कधी आले नाहीत! बादशहाच्या चित्रात नाव मात्र एकाच्याच डोक्यावर लिहिलंय, शेजारी उभ्या असलेल्या बिशप मॅक्सिमियनचं. नवऱ्यानं लगेच ओळखलं, "हा फ्लेक्स आहे. वर साहेबांचा फोटो, आणि हा स्थानिक इच्छुक."

दुपारी पियादिना खाल्ली. जाडसर मैद्याची चपाती, आत पातळ पांढरं चीज आणि पाला. तिखट काहीतरी हवं होतं. पर्समधली लसणाची चटणी काढली तेव्हा भाची दुसरीकडे बघायला लागली, मग तिनंही घेतली.

आणि मग सांतापोल्लिनारे नुओव्हो. खरं तर हा सगळा लेख त्या एका भिंतीसाठी आहे.

हे थिओडोरिकचं राजवाड्यातलं चर्च, सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं. थिओडोरिक ख्रिस्तीच, पण एरियस पंथाचा. त्यांचं म्हणणं, पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेनं हे पाखंड ठरवलं होतं. थिओडोरिक राज्य करत होता तोवर दोन्ही पंथ शहरात शेजारी शेजारी नांदले. ५४० मध्ये जस्टिनियनच्या सैन्यानं शहर घेतलं, आणि वीसेक वर्षांनी या चर्चची 'शुद्धी' झाली. नाव बदलून संत मार्टिनचं दिलं, कारण तो एरियसवाल्यांचा जुना विरोधक.

लांबलचक दालन. डाव्या भिंतीवर बावीस कुमारिका मरियेकडे निघाल्यात, उजव्या भिंतीवर सव्वीस हुतात्मे येशूकडे. हुतात्मे बहुतेक पांढऱ्या कपड्यांत, कुमारिका सोनेरी, सगळ्यांच्या हातांत मुकुट. हुतात्म्यांच्या रांगेत पहिला तो मार्टिन, त्याचा झगा तेवढा जांभळा. कुमारिकांच्या पुढे बाळ येशूसाठी भेटी आणणारे तीन मागी राजे, लाल टोप्या आणि नक्षीदार घट्ट तुमानी घालून, वाकून धावतायत. मैत्रिणीला तो फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आमच्या नाताळच्या गोठ्यातल्या राजांना अशा पॅंटी शिवल्या तर फादर ओरडतील."

मी मागे दाराशी आले. उजव्या भिंतीची सुरुवात थिओडोरिकच्या राजवाड्यानं होते, वर 'पालातिउम' असं कोरल्यासारखं लिहिलंय. पांढरे खांब, कमानी, कमानींत पडदे, मधे गाठ मारून बांधलेले. छान, म्हणून पुढे निघणार, तेवढ्यात एका खांबावर मला हात दिसला.

नुसता हात. बोटं आणि थोडं मनगट, पांढऱ्या खांबावर आडवं आलेलं. त्यामागे माणूस नाही, पडदा आहे. मला वाटलं ऊन डोक्यात गेलंय. पुढच्या खांबाकडे बघितलं, तर तिथेही. मी भाचीला हाक मारली ती जरा मोठ्यानंच, दोन माणसांनी वळून बघितलं.

इथे पूर्वी माणसं होती, ती म्हणाली. कमानींत थिओडोरिकचे दरबारी उभे होते, मधल्या मोठ्या कमानीत बहुधा तो स्वतः. शुद्धीच्या वेळी कारागिरांना सांगितलं, हे पाखंडी काढा. त्यांनी माणसं खरवडली, तिथे पडदे भरले, मधल्या कमानीत सोनं भरलं. पण हात वर करून उभ्या असलेल्यांचे हात कमानीबाहेर खांबांवर आले होते. ते तसेच राहिले. साडेचौदाशे वर्षं.

का राहिले असतील? कुणी म्हणेल मुद्दाम ठेवले, इथली माणसं पुसली होती याची आठवण राहावी म्हणून. मला नाही पटत. मी घराची दोन कामं काढली आहेत, मला कारागीर माहीत आहेत. हात काढायचा म्हणजे खांबाचा पांढरा तुकडा फोडायचा, पांढऱ्याला पांढरा जुळवायचा, आणि परांचीवर चढून कोण बिशप तपासायला येणार आहे? मुकादम म्हणाला असेल, राहू दे रे, खालून कोणाला दिसतंय.

खालून मला दिसलं. त्या समोर मी अर्धा तास उभी होते आणि इथे घड्याळ दाखवायला कोणी आलं नाही.

मग मान आणखी वर केली. खिडक्यांच्याही वर छताशी छोटी छोटी चौकटीतली चित्रं आहेत, एकेका बाजूला तेरा. एकीकडे येशूचे चमत्कार आणि दाखले, तिथे तो कोवळा, बिनदाढीचा. समोर शेवटच्या दिवसांची कथा, तिथे दाढीवाला. पकडला जातो, न्यायापुढे उभा राहतो, क्रुसाकडे नेला जातो, आणि पुढच्या चौकटीत थेट रिकामी कबर. खिळे, रक्त, क्रुसावरचं मरण हे चित्रच नाही. क्रूस ही तेव्हाच्या लोकांना ठाऊक असलेली गुन्हेगाराची शिक्षा. देवाला तसा टांगलेला दाखवणं पहिल्या काही शतकांतल्या चित्रकारांनी जवळपास टाळलंच. त्याऐवजी मेंढपाळ, कोकरू, मासा. क्रुसावर खिळलेल्या ज्या रूपात मला वसईत, गोव्यात, प्रत्येक सिनेमात येशू दिसला होता, तो या शहरात दिवसभरात मला एकदाही भेटला नव्हता, हे मला तिथे कळलं.

एका चौकटीत तो मेंढरं आणि शेरडं वेगळी करतोय. मेंढरांकडे लाल देवदूत, शेरडांकडे निळा. तो निळा म्हणजे सैतानाचं सगळ्यात जुनं चित्र असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला तो बिचारा अजिबात सैतान वाटला नाही. निळा म्हटल्यावर आपल्याला कृष्ण आठवणार, त्याला इलाज नाही.

ही वरची चित्रं मात्र थिओडोरिकच्याच काळातली, म्हणजे पाखंड्यांनीच करवून घेतलेली. त्यांना कोणी हात लावला नाही. लावणार कशाला? त्यांत चूक काढण्यासारखं काही नव्हतंच. स्टेशनच्या बाजूला एरियसवाल्यांचं बाप्तिस्मागृह आहे, तिथे छतावर येशू कमरेपर्यंत पाण्यात उभा आहे, बाप्तिस्मा देणारा योहान त्याच्या डोक्यावर हात ठेवतोय, वर कबुतर, बाजूला यार्देन नदी म्हणून एक म्हातारा बसलाय, डोक्यावर खेकड्याच्या नांग्या. तिथून दहा मिनिटांवर दुसऱ्या पंथाचं त्याहून जुनं बाप्तिस्मागृह, आणि छतावर तेच पाणी, तोच योहान, तेच कबुतर, तसाच नदीचा म्हातारा. एका येशूला दाढी आहे, एकाला नाही, आणि ती दाढीही एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीची. ज्या भांडणापायी माणसं भिंतीवरून खरवडली गेली, ते भांडण या दोन छतांवर शोधून सापडत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, फरक सांग. तो म्हणाला, "नांग्या." यार्देनच्या दुसऱ्या म्हाताऱ्याला नांग्या नाहीत. खरंच.

शेवटी बसनं क्लास्से. एके काळी रोमन आरमाराचं बंदर, आता समुद्र दूर गेलाय आणि शेतात एकटं चर्च उभं आहे. आत वेदीवरच्या अर्धघुमटात हिरवंगार कुरण, रत्नजडित मोठा क्रूस, क्रुसाच्या ऐन मधोमध बोराएवढा दिसणारा येशूचा चेहरा, आणि पेत्र, याकोब, योहान या तीन शिष्यांऐवजी तीन मेंढरं. पण पाय बोलायला लागले होते. मी भिंतीशी ठेवलेल्या दगडी शवपेट्यांपाशी टेकले. एकीवर दोन मोर, समोरासमोर. मोराचं मांस कुजत नाही असा जुना समज, म्हणून थडग्यावर मोर म्हणजे अमरपण. संत ऑगस्टिननं कार्थेजमध्ये ताटातला शिजवलेला मोर थोडा बाजूला ठेवून वर्षभरानं बघितला आणि फक्त सुकलाय अशी नोंद केली. माझ्या लग्नातल्या पैठणीच्या पदरावर असेच दोन मोर आहेत, समोरासमोर. ती पैठणी घड्यांवर विरत चालली आहे, हे मला नेमकं तिथे आठवलं. घरी गेल्यावर घडी बदलायला हवी.

परतीच्या गाडीत तिघंही फोनमध्ये डोकं घालून बसलो. खांबांचा फोटो मोठा करून हात मोजायचं चाललं होतं. मी म्हणत होते ती बोटं, नवरा म्हणत होता ती सावली. भाची म्हणाली, "मामा, तो नाही, डावीकडचा बघ." बोलोन्या आलं तरी आमचा आकडा जुळला नव्हता.