फुकटचं गाणं आणि पहाटेची देवगिरी

परभणीत राहून गाणं ऐकायचं असेल तर रागांच्या आधी रेल्वेचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. मैफल नांदेडला असो, संभाजीनगरला असो नाहीतर अंबाजोगाईला, ती संपल्यावर घरी कसं यायचं हे निघायच्या आधीच ठरवावं लागतं. पुण्यातला माणूस शेवटची भैरवी ऐकून रिक्षा करतो आणि घरी जाऊन झोपतो. आमच्याकडं भैरवीनंतर स्टेशनवरचा बाक शोधायचा असतो.

मी एका कृषी सेवा केंद्रात हिशोब लिहितो. गाणं शिकलेलो नाही, घरातही कुणी गाणारं नाही. नाद लागला तो उरुसात. परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. शाळेत असताना आम्ही पोरं पाळण्यांसाठी जायचो आणि पैसे संपले की कव्वालीच्या मांडवात जाऊन बसायचो, कारण तिथं काही लागत नव्हतं. उर्दू निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. पण एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. कव्वाल एखादी ओळ पकडून पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. त्याला ते लोक तकरार म्हणतात. मांडवातून कुणीतरी उठतो, नोट ठेवतो, कव्वाल मान झुकवून सलाम करतो आणि तीच ओळ आणखी वरच्या पट्टीत उचलतो. ती ओळ किती वेळ चालणार हे गाणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याच्या हातात असतं. पुढं शास्त्रीय मैफलीत बसायला लागलो तेव्हा तिथली हाताची घडी घातलेली शांतता मला बरेच दिवस विचित्र वाटायची.

शास्त्रीयकडं ओढलं ते तबला वाजवणाऱ्या एका मित्रानं. सुरुवातीला विलंबित ख्यालात, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गाण्यात, मला नुसती झोप यायची. तो म्हणाला, "गाण्याकडं बघू नको, तबलजीच्या तोंडाकडं बघ. सम जवळ आली की त्याचा चेहरा बदलतो." सम म्हणजे तालाची फेरी जिथून सुरू होते ती मात्रा. मी तेच करत गेलो. एकताल या तालाचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, विलंबितात मिनिटभरही चालतं, आणि तेवढा वेळ वाट बघून गायक नेमका समेवर उतरला की आपोआप मान हलते. त्यात कळण्यासारखं फार नाही, नुसतं बसावं लागतं. बसायची सवय मला दुकानाच्या गल्ल्यावर लागलेलीच होती.

आमच्या भागात गाण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हरभऱ्याचं बियाणं आणि डीएपी खताच्या गोण्या संपल्या की दुकान मोकळं होतं, आणि नेमका तेव्हाच अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह येतो. यशवंतराव गेले 25 नोव्हेंबर 1984 ला, त्या तारखेला धरून तो भरतो. माझ्यासारख्याला या समारोहाची मोठी सोय अशी, की त्यात शास्त्रीय संगीताबरोबर कवी संमेलन असतं आणि शेतकरी परिषदही असते. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो.

"कुणीकडं जायलास?"

"अंबाजोगाईला, भाऊ. शेतकरी परिषद हाय."

"अन् परिषद झाल्यावर?"

"थोडं गाणं हाय म्हणे."

भाऊ चष्म्याच्या वरून बघायचे आणि रजा द्यायचे. मीही परिषदेत बसायचो, म्हणजे खोटं काही नव्हतं. गंगाखेड, परळी करत एसटीनं तीन तास जातात. भाचा तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात होता तोवर रात्री पाठ टेकायची सोय त्याच्या खोलीवर होती. बालाघाटाची थंडी परभणीच्या थंडीपेक्षा वेगळी, ती कानातून आत शिरते. तिथल्या श्रोत्यांत मला फार आवडतात ते मागच्या रांगेतले म्हातारे. धोतर, टोपी, अंगावर घोंगडी किंवा शाल. एकदा शेजारच्या आजोबांना विचारलं, राग कोणता चाललाय. ते म्हणाले, "नाव कशाला पाहिजे? गोड लागायला ना? मग झालं तर." मी वही खिशात ठेवली. त्याआधी मी रागांची नावं टिपून घ्यायचो, परीक्षेला बसल्यासारखी.

मराठवाड्यातली बरीचशी मैफल फुकट असते. पैसे लागत नाहीत, वेळ मात्र मोप द्यावा लागतो. पत्रिकेवर साडेसहा छापलेलं असेल तर तंबोरे सव्वाआठच्या आत लागत नाहीत. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. आणि फोटोत एखादा राहिला म्हणून पुन्हा फोटो. एका गावी तर पाहुण्यांचा परिचय वाचता वाचता निवेदकाची पानं उलटसुलट झाली आणि त्यांनी पहिलं पान दुसऱ्यांदा वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या सोफ्यांवर निमंत्रित असतात. सत्कार आटोपला की त्यातले अर्धे उठून जातात, सोफे रिकामे दिसतात, आणि मागं सतरंजीवर लोक गुडघे दुमडून बसलेले. स्वयंसेवक पुढं येऊ देत नाहीत, कारण "साहेब परत येणार आहेत." साहेब येत नसतात. यावर माझा उपाय असा: पहिलं गाणं मागं बसून ऐकायचं, टाळ्या वाजल्या की त्या गडबडीत बाजूच्या वाटेनं निम्म्यापर्यंत सरकायचं, दुसऱ्या टाळ्यांना सोफ्याच्या मागची रांग गाठायची. थेट सोफ्यावर मात्र बसू नये, तिथून उठवलं तर चारचौघांत उठावं लागतं.

उशिराचा खरा तोटा वेगळाच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी यांतच बहुतेक संपतात. नियम चांगला आहे, माझ्या घराशेजारी मंगल कार्यालय आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण भाषणं नऊपर्यंत चालली की कलाकाराला उरतो एक तास. हजार किलोमीटरवरून आलेला माणूस यमन राग मांडतो, जरा रंग भरतो तोच पोलिसाची शिट्टी नाहीतर आयोजकाची चिठ्ठी येते. मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीकडचे राग उघड्या मैदानात ऐकायला मिळणं आता अवघड. बंद सभागृहाला हा नियम त्याच तऱ्हेनं लागू नाही, म्हणून ते राग सभागृहातच उरलेत. पूर्वी मैफल रात्रभर चालायची आणि उजाडताना भैरवी व्हायची. आता भैरवी पावणेदहाला होते. तिची वेळ मोडली तरी चालतं असं जाणकार म्हणतात, शेवटाला तीच हवी.

आवाजाचंही एक शास्त्र आहे आणि ते मला कुणी शिकवलं नाही, कान दुखून कळलं. आमच्याकडचा साउंडवाला आठवडाभर लग्नं आणि मिरवणुका करतो आणि त्याच पेट्या घेऊन मैफलीला येतो. मग डग्गा, तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, पोटात घुमतो आणि तंबोरा ऐकू येत नाही. जागा निवडायची तर साउंडवाल्याच्या मिक्सरच्या आसपास, कारण त्याचे कान जिथं असतात तिथल्या मापानंच तो आवाज लावतो. शिवाय कार्यक्रमाआधी त्याला चहा पाजला तर "दादा, तंबोरा जरासा वर घ्या की" असं हळूच सांगता येतं. जनरेटरपासून लांब बसावं. तबलेवाल्या मित्रानं एकदा जनरेटरचा सूर काढून दाखवला होता, पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या जरासा वर. गायिकेचा षड्ज, म्हणजे सा, काळी चार, अगदी लागून पण न जुळणारा. सगळा वेळ ती बाई दोन तंबोरे आणि एका डिझेल इंजिनासोबत गायली. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, माझ्या मित्राच्या मात्र होती.

जानेवारीत संभाजीनगर. लोक मला विचारतात, शास्त्रीय ऐकणारा माणूस तू, 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर काय करतोस? 1994 साली त्या तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. तेव्हापासून दरवर्षी तिथं माणसांचा पूर येतो, पुस्तकांची दुकानं लागतात आणि गायन पार्ट्यांचे मंच उभे राहतात. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी ज्यानं अशा गर्दीत उभ्यानं ऐकली नाहीत त्यानं ती फक्त वाचली आहेत. एका मंचावरून ढोलकी, दुसऱ्यावरून हार्मोनियम, दोन्ही कानांत दोन गाणी. मधोमध उभं राहिलं तर काहीच कळत नाही. दहा पावलं सरकलं की एकच गाणं स्वच्छ ऐकू येतं. ती जागा शोधत हिंडायलाच मजा येते. कडव्यांच्या मध्ये गायक नोट देणाऱ्याचं नाव घेतो, गाव घेतो, आणि सूर न सोडता पुढचं कडवं उचलतो. उरुसातल्या कव्वालासारखंच. इथं हाताची घडी घालून कुणी उभं नसतं. गळ्याची तयारी म्हणाल तर धूळ, थंडी आणि फुटका माइक यांच्यावर मात करून दिवसभर गाणारी ही माणसं कुठल्याही घराण्याच्या पंक्तीला बसतील, असं माझं मत आहे. यावर मित्राशी भांडण झालेलं आहे आणि ते मिटलेलं नाही.

विद्यापीठाजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल. वेरूळ-अजिंठा महोत्सव सात वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा तिथं भरला. प्रवेशिकेची खटपट करून मी गेलो होतो. मागं दिव्यांनी उजळलेला महाल, त्याच्या मागं काळा डोंगर. देखावा असा की निम्मे लोक मंचाकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. गाणं आटोपून स्टेशनवर आलो तेव्हा मध्यरात्र उलटलेली. मुंबईहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस पहाटे चारच्या सुमाराला लागते. तोवर फलाटावर थांबायचं. बरोबर स्वेटर, कानटोपी आणि शेंगदाण्याची पुडी असतेच. त्या वेळी फलाटावर हमखास आणखी दोन-तीन माणसं भेटतात, जालन्याची, सेलूची, मैफलीहूनच आलेली. ओळख नसते, पण "तुम्ही पण तिथंच होता का?" म्हटलं की बाकावर जागा होते. मग गाण्याची चिरफाड सुरू. एकाला ताना जास्त वाटतात, दुसऱ्याला निषाद, म्हणजे नी, जरा कमी लागला असं वाटतं. मंचासमोर गप्प बसणारी माणसं इथं मोकळी होतात. काही वेळा मला मैफलीपेक्षा हे दोन-तीन तासच जास्त आठवतात. सकाळी सातच्या पुढं परभणी, दहाला दुकान.

पुण्याला सवाई गंधर्वला एकदा जाऊन आलो. भीमसेनजींनी 1953 ला सुरू केलेला उत्सव, आता मुकुंदनगरच्या मैदानावर होतो. भारतीय बैठकीचं तिकीट काढलं. वेळेवर सुरू, आवाज लख्ख, खायची चंगळ. तिथून आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो की आपल्याकडंही शंभर-दोनशे रुपये तिकीट लावा, म्हणजे ज्याला ऐकायचंय तोच येईल आणि भाषणंही कमी होतील, पैसे मोजलेला माणूस परिचयाची दोन पानं ऐकून घेत नाही. मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, तिकीट लावलं की अंबाजोगाईचे घोंगडीवाले आजोबा पहिले बाहेर. त्याचं खरं आहे. तरी मला वाटतं, निदान सोफ्यांना तरी तिकीट लावा.

नांदेडला फेब्रुवारीच्या शेवटी संगीत शंकर दरबार असतो, यशवंत महाविद्यालयाच्या आवारात. तासाभराचा रेल्वेप्रवास, परतीला पहाटेची मराठवाडा एक्स्प्रेस, म्हणजे सगळ्यांत सोपी मैफल. मागच्या खेपेला भाऊ म्हणाले, "मलाबी बघू दे, तू एवढं कशासाठी जागतोस." त्यांची गाडी होती, म्हणून मी पहिल्यांदाच घड्याळाकडं न बघता बसलो. गायकानं आलाप सुरू केला. दहा मिनिटांनी भाऊ कानाशी आले.

"सुरू कवा होणार?"

"सुरू झालंय, भाऊ."

"आस्सं?" म्हणून ते मांडी बदलून बसले. झोपतील असं वाटलं होतं, झोपले नाहीत. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, तबला चढला तसे पुढं वाकले आणि तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणारी तिहाई संपताना सगळ्यांच्या आधी टाळी देऊन मोकळे झाले, समेच्या थोडी अलीकडंच. येताना वसमतजवळ चहाला थांबलो. भाऊंनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "ते गाणं ऐन रंगात आलेलं, अन् तो तबल्यावाला मधीच हातोडी घेऊन काय ठोकायला होता?"

मग थंडीत, दवात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, कशी सैल पडते, सूर कसा उतरतो, पुडी ताणणाऱ्या वादीतला लाकडी गट्टा हातोडीनं खाली सरकवला की तो कसा चढतो, हे सांगण्यात परभणी आली. गाडीतून उतरताना ते म्हणाले, "अन् तो डाव्या हाताचा मोठा? त्याला का ठोकत नव्हता?"

"ते उद्या दुकानात सांगतो, भाऊ."

"उद्या खताची गाडी हाय. आत्ता सांग."